पांढरी सोडताना

मराठवाड्याच्या जुन्या महसुली दप्तरांत ‘बेचिराख’ हा शब्द वारंवार भेटतो. आज हा शब्द उच्चारला की आग, जाळपोळ आणि राखेचे ढीग डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. ‘बे-चिराग’ म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. शेते आहेत, शीव आहे, दप्तरात नोंद आहे, एखादे मारुतीचे देऊळही उभे आहे. संध्याकाळी दिवा लावणारे मात्र कोणी उरलेले नाही. आपल्या पूर्वजांनी खेड्याची सारी रचना दोन रंगांत सांगितली होती. काळी म्हणजे पिकणारी जमीन आणि पांढरी म्हणजे माणसांची वस्ती. काळी पिकली की पांढरी नांदते. गाव बेचिराख होते तेव्हा काळी जागच्या जागी राहते आणि पांढरी उठून जाते.

पृथ्वी तापत चालली असता माणसांनी राहावे कोठे, ह्या प्रश्नाची चर्चा अलीकडे जगभर सुरू आहे. ती वाचताना बहुधा मालदीवची बेटे, सुंदरबनातील खारा चिखल किंवा बांगलादेशाचा किनारा नजरेसमोर येतो. समुद्र चढून अंगणात आला की माणसाने उठावे, हे समजावयास सोपे आहे. जालना जिल्ह्यातील राजूरच्या अंगणात समुद्र कधीच येणार नाही. भोकरदन तालुक्यातील हे गाव जालन्यापासून सुमारे २५ किलोमीटरांवर, दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहे. अंगारकी चतुर्थीला राजुरेश्वराच्या दर्शनासाठी चहूकडच्या वाटा माणसांनी भरून वाहतात. ज्या परिसरात माणसे श्रद्धेने धावत येतात, त्याच परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे पोटासाठी बाहेर पडतात. येणाऱ्यांची गर्दी सर्वांना दिसते. जाणारे पहाटेच्या ट्रकमधून अथवा एस. टी. बसने जातात आणि त्यांची गर्दी कधी होत नाही. ह्या जाण्याचा तापत्या हवेशी संबंध आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या वाटेने पोहोचतो, हे नीट पाहिले पाहिजे.

प्रथम हवेचा हिशेब. केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ ह्या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. वैशाखात बेचाळीस अंशांची सवय असलेल्या राजूरच्या शेतकऱ्याला पाऊण अंशही न भरणारी ही वाढ ऐकून हसूच येईल. परंतु ह्या अंशाचा खरा जाच उन्हात नसून पावसात आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. ती ते उशिरा सोडते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. मध्य भारतातील विस्तृत पट्ट्यांवर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या कालखंडात तिपटीने वाढल्याचे रॉक्सी मॅथ्यू कोल ह्या हवामानशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. जालना जिल्ह्याची वार्षिक पावसाची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे. उद्याही ती कागदावर तेवढीच राहील, कदाचित वाढेलही. पण तेवढे पाणी चाळीस दिवसांत मुरत पडणे निराळे आणि आठ दिवसांत कोसळून वाहून जाणे निराळे.

निराळे अशासाठी की, येथील भूमीचे पोट लहान आहे. वर काळी कसदार माती, खाली मुरूम आणि त्याखाली अभेद्य काळा पाषाण, अशी दख्खनची घडण. गंगेच्या खोऱ्यात शेकडो फूट वाळूचे थर पाणी पितात; येथे ते मुरमात व पाषाणाच्या भेगांत जेवढे मावेल तेवढेच मावते. एका रात्रीत पाच इंच पाऊस पडला तर चार इंच पूर्णेला आणि पुढे गोदावरीला मिळतो. मग माघ संपता संपता विहिरीचा तळ दिसू लागतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत भोकरदनही होता. त्यानंतर दोन वर्षेही लोटली नाहीत तोच सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडाभर पुराने उभी पिके, माती आणि जनावरे वाहून नेली. एकाच शेतकऱ्याच्या एकाच सात-बाऱ्यावर कोरडा आणि ओला असे दोन्ही दुष्काळ इतक्या जवळजवळ नोंदले जावेत, ही गोष्ट त्याच्या आजोबांच्या हिशेबात नव्हती.

झाडाने बांधलेली माणसे

जालन्याची मोसंबी देशभर प्रसिद्ध आहे. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबीचे झाड लावल्यानंतर चार-पाच वर्षे त्याला केवळ पाणी आणि खत घालावे लागते, फळाची अपेक्षा करावयाची नसते. त्यानंतर मात्र ते पंधरा-वीस वर्षे साथ देते. अर्थात मोसंबीची लागवड म्हणजे शेतकऱ्याने आपल्या गावाशी केलेला वीस वर्षांचा करारच होय. झाड लावणाऱ्याने येथेच राहण्याचे मनाशी ठरविलेले असते; त्याच बळावर तो मुलाला जवळच्या शाळेत घालतो, विहिरीसाठी कर्ज काढतो, घराला दोन खण वाढवितो.

२०१२-१३ च्या दुष्काळात ह्या बागा उभ्या वाळल्या. त्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. टँकरचे पाणी विकत घेऊन लोकांनी झाडे जगविण्याचा प्रयत्न केला. पुष्कळांना ते साधले नाही, आणि पंधरा वर्षांच्या झाडांवर कुऱ्हाड चालवून त्यांना सरपण विकावे लागले. त्या हानीचे पंचनामे झाले, रकमांचे वाटपही झाले. परंतु एका गोष्टीचा पंचनामा झाला नाही. बाग गेलेल्या रानात पुढच्या वर्षी कापूस किंवा सोयाबीन आले. ही चार-सहा महिन्यांची पिके आहेत. ती काढून झाली की रान मोकळे आणि माणूसही मोकळा. वीस वर्षांचा करार मोडून तेथे वर्षावर्षाचा करार आला. गाव सोडण्याचा निर्णय अशा घरात कोणी एका दिवशी घेत नाही. राहण्याचे कारण तेवढे एकेक करून कमी होत जाते.

ह्या परिसरातील पाच-सात एकर कोरडवाहू जमिनीचे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. पहिल्या वर्षी पीक बुडाले की जनावरे बाजारात जातात. दुसऱ्या वर्षी बायकोचे दागिने गहाण पडतात. तिसऱ्या वर्षी थोरला मुलगा वाळूजच्या कारखान्यात किंवा पुण्याच्या बांधकामावर जातो आणि महिन्याला काही रक्कम धाडू लागतो. धाकटा मुलगा व सून मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. म्हातारा-म्हातारी घराला कुलूप लागू नये म्हणून मागे राहतात. हे कुटुंब स्थलांतरित म्हणावे की गावकरी? त्याचे नाव गावच्या मतदारयादीत आहे, त्याची जमीन गावात आहे, त्याचा देव्हारा गावात आहे. त्याचा भाकरतुकडा मात्र तीन जिल्ह्यांत विखुरलेला आहे.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. मनुष्यगणनेची ही पद्धत अत्यंत बोलकी आहे. विधवा, परित्यक्ता, आजारी नवऱ्याची बायको ह्यांना मुकादम सहसा उचल देत नाही, कारण अर्धा कोयता त्याला परवडत नाही. कोयता पुरा व्हावा म्हणून मुलामुलींची लग्ने वेळेआधी उरकली जातात, हे मराठवाड्यातील शिक्षकांना सांगावयास नको. नववी-दहावीच्या हजेरीपटावर ते त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

येथे एका प्रचलित समजुतीचा विचार केला पाहिजे. हवामान बिघडले की गरिबांचे लोंढे निघतील, असे शहरांतून भयाने बोलले जाते. जागतिक बँकेने २०२१ मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगाच्या सहा विभागांत मिळून २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाखांपर्यंत माणसे आपापल्याच देशात स्थलांतर करतील, आणि त्यांत दक्षिण आशियातील सुमारे चार कोटी असू शकतील. आकडा मोठा आहे. तथापि ब्रिटिश शासनाने करून घेतलेल्या एका विस्तृत अभ्यासाने २०११ मध्येच दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले होते: संकट जसजसे वाढते तसतशी गरिबांची निघून जाण्याची ऐपतही घटते, आणि सर्वाधिक धोक्याच्या जागी माणसे अडकून पडतात. गाव सोडण्यालाही भांडवल लागते. बसभाडे, शहरातील खोलीची अनामत, ओळखीचा एखादा माणूस आणि पहिला पगार हाती येईपर्यंतचा किराणा. ज्याच्यापाशी हे आहे तो जातो. ज्याच्यापाशी मुबलक आहे तो आधीच जिल्ह्याच्या ठिकाणी प्लॉट घेऊन बसला आहे. आणि ज्याच्यापाशी काहीच नाही तो राहतो. त्याच्या राहण्याला आपण गावाची ओढ म्हणतो.

जुना अनुभव

माणसांचे हे येणे-जाणे ह्या भूमीला नवीन आहे असे नव्हे. राजूरच्या उत्तरेस असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या रहिवाशांनी सांची व भरहुत येथील स्तूपांसाठी दिलेल्या दानाचे लेख तेथील दगडांवर आजही वाचावयास मिळतात. भोकरदनच्या उत्खननात सापडलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीच्या जातकुळीची आहे. तेव्हा येथील माणूस चार भिंतींत कोंडलेला कधीच नव्हता. व्यापारासाठी जाणे आणि पाण्यासाठी जाणे ह्यांत अंतर आहे, एवढेच.

दुसऱ्या प्रकारच्या जाण्याचाही पुरावा महाराष्ट्राच्या मातीत आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या सुमारास तेथे चौकोनी, ऐसपैस घरे बांधून राहणारे, पाटाने पाणी आणणारे शेतकरी होते. इसवी सनापूर्वी एक हजारच्या सुमारास चित्र पालटले. घरे लहान आणि गोल झाली, शेती आक्रसली, शिकारीवर व जनावरांवर भार वाढला आणि इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास वस्ती ओस पडली. पर्जन्यमान घटल्यामुळे हे शेतकरी अर्धभटके झाले, असे प्रा. म. के. ढवळीकर ह्यांनी प्रतिपादन केले होते. सर्व पुराविदांना ते मान्य नाही. परंतु ओस पडण्यापूर्वी घर लहान होत जाते, हा तेथील थरांतून दिसणारा क्रम मराठवाड्याच्या आजच्या खेड्यात फिरणाऱ्याला अपरिचित वाटणार नाही.

मध्ययुगातील दुर्गादेवीच्या दुष्काळाची कथा तर प्रसिद्धच आहे. १३९६ मध्ये सुरू झालेला हा दुष्काळ बारा वर्षे टिकला अशी परंपरा ग्रँट डफने नोंदविली आहे. देश उजाड झाला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तेथून धड वसूल येईना. मग बहामनी राजवटीने १४२९ च्या सुमारास दादू नरसू काळे नावाच्या अनुभवी कारभाऱ्याकडे गावे पुन्हा वसविण्याचे काम सोपविले. पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य, अशी सवलत देण्यात आली. पुढे शिवकाळात आणि पेशवाईतही उजाड गावे वसविण्यासाठी रयतेला कौल दिला जात असे. त्या राजवटींना लोकशाहीचा गंध नव्हता. पण पांढरी ओस पडणे हे राज्याचे नुकसान आहे आणि माणूस परत आणावयाचा तर राज्याने आधी काही सोडले पाहिजे, इतके त्यांना कळत होते.

१९७२ चा दुष्काळ आजच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील आहे. त्या वेळी धान्य नव्हते. खडी फोडणारे हात, सुकडीची पाकिटे आणि तांबडी मिलो ज्वारी हे त्याचे चित्र. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. गावाजवळ काम मागण्याचा हक्क हा एका अर्थाने आधुनिक कौलच होता. २०१२ मध्ये मात्र धान्य होते, पैसा टाकला तर सर्व काही मिळत होते. पाणी तेवढे नव्हते. ज्वारी आगगाडीने आणता येते. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणीही आणले गेले आणि त्याचे कौतुकही झाले, परंतु शेत, जनावरे आणि बाग आगगाडीच्या पाण्यावर जगत नाहीत.

जाऊन पोहोचावयाचे कोठे?

शहराकडे जाणारा माणूस ऊन चुकवून जातो, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ज्या पत्र्याच्या खोलीत तो राहतो ती रात्रीही थंड होत नाही. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे, जाड मातीच्या भिंतींची आणि वर मातीचा थर असलेली, चैत्र-वैशाखात सावलीसारखी असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशा घरांखाली हजारो माणसे गाडली गेली आणि माळवदावरचा विश्वास उडाला, तो रास्त कारणाने उडाला. त्यानंतर आलेले पत्रे आणि सिमेंटचे स्लॅब भूकंपाच्या भीतीपासून काहीसे सोडवितात आणि दुपारभर भाजून काढतात. गावातही घर तापले, शहरातही तापले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये असा अंदाज केला होता की, उष्णतेच्या ताणापायी २०३० मध्ये भारतातील ५.८ टक्के श्रमतास वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके. शेत आणि बांधकाम हीच ह्यांतील मुख्य क्षेत्रे. राजूरचा मजूर पहिल्यातून उठून दुसऱ्यात जातो.

मुंबईत तर वेगळाच धोका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे जालना जिल्ह्याच्या वर्षभराच्या सरासरीहून अधिक. त्या पुराने सर्वांत आधी गाठली ती नाल्याकाठची, खाडीलगतची आणि डोंगरउतारावरची वस्ती. आणि नव्याने आलेल्या माणसाला शहर जागा देते ती बहुधा अशाच ठिकाणी. पाण्यावाचून गाव सोडलेल्या माणसाने पाण्यातच सर्वस्व गमवावे, असा हा प्रकार.

संपन्न देशांत उलट चित्र दिसते. अमेरिकेत १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी मध्यवर्ती मैदानी राज्यांतून सुमारे २५ लाख माणसे घालविली. त्याच देशात अलीकडच्या काळात लोक आपखुशीने ॲरिझोनाच्या वाळवंटातील फीनिक्स शहरात राहावयास गेले. २०२३ च्या उन्हाळ्यात तेथे सलग ३१ दिवस तापमान ४३ अंशांच्या वर राहिले, तरी तेथे माणसे राहतात; कारण घर, मोटार आणि कचेरी ह्या तिन्ही ठिकाणी वातानुकूलन आहे आणि पाणी दूरच्या नदीवरून कालव्याने येते. हवामान माणसाला कोठे राहावयाचे ते सांगते खरे, पण ते प्रत्येकाच्या खिशाकडे पाहून सांगते.

२०२० मध्ये काही शास्त्रज्ञांनी गेल्या सहा हजार वर्षांतील मानवी वस्तीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाचे सरासरी तापमान ११ ते १५ अंश असते अशा पट्ट्यात माणसांची सर्वाधिक दाटी राहिली आहे, असे त्यांना आढळले. ह्या नियमाला त्यांना एक ठळक पुरवणी जोडावी लागली, ती २० ते २५ अंशांच्या प्रदेशाची. आणि ती दाटी मुख्यतः भारतीय मोसमी पावसाच्या मुलखातील आहे. म्हणजे इतक्या उष्णतेतही येथे माणसे दाटीने राहिली ती पावसाच्या भरवशावर. जालना जिल्ह्यासारख्या भूमीत सरासरी ह्याहूनही थोडी अधिकच भरते, तेव्हा त्या भरवशाला किती महत्त्व आहे ते निराळे सांगावयास नको. तोच भरवसा आता लहरी होत आहे.

केवळ आभाळाचा दोष?

अर्थात सारे खापर आभाळाच्या माथी फोडणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. मराठवाड्यात पाऊस कमी, आणि त्याच मराठवाड्यात पाण्याचा सर्वाधिक घास घेणाऱ्या उसाचे कारखाने उभे राहिले. धरणांचे पाणी थोड्या क्षेत्राने प्यावे आणि त्या उसाच्या तोडीसाठी कोरडवाहू गावच्या माणसांनी घर सोडावे, हा विरोधाभास पावसाने निर्माण केलेला नाही. कूपनलिका चारशे, सहाशे, आठशे फूट खाली गेल्या, ते कोणत्या पंचांगात लिहिलेले नव्हते. तरुण गाव सोडतात त्यामागे शिक्षण आहे, नोकरीची हाव म्हणा वा आस म्हणा ती आहे, शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही हेही आहे. मात्र ह्या प्रत्येक कारणाच्या मुळाशी थोडे खणले की ओलावा लागत नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. मुलीचा बाप शेतकरी जावई नाकारतो तेव्हा तो हवामानशास्त्र बोलत नाही. पण शेतीच्या उत्पन्नाचा भरवसा उरला नाही, हेच तो बोलतो.

ह्याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. जालना तालुक्यातील कडवंची गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने पाणलोटाची कामे झाली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती करून पाणी अडविले गेले, मागून शेततळी आली आणि त्या कमी पावसाच्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. २०१२-१३ मध्ये भोवतालच्या बागा वाळत असताना कडवंचीने पुष्कळ बागा राखल्या. विजयअण्णा बोराडे ह्यांच्यासारख्या माणसाने आयुष्यभर खपून उभे केलेले हे काम आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी कूपनलिका आणि ऊस ह्यांना स्वतःहून बंदी घातली. तेथे मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे परतली. तेथील शिस्त पोपटराव पवार ह्यांच्या नेतृत्वाखाली तीन दशके टिकली हे विशेष. मात्र ह्या उदाहरणांचा दाखला देऊन इतर गावांना आळशी ठरविणे अन्यायाचे होईल. प्रत्येक गावाला असा माणूस लाभत नाही, आणि लाभला नाही म्हणून त्या गावाने बेचिराख व्हावे, असे धोरण असू शकत नाही. शिवाय शेततळ्यात पावसाचे पाणी साठविण्याऐवजी विहिरीचे पाणी उपसून भरले जाऊ लागले तर उद्याची विहीर आजच कोरडी होते. ही गोष्ट अनेक ठिकाणी घडते आहे.

मुख्य अडचण अशी की, किती माणसे कशासाठी गेली हे शासनाला ठाऊकच नाही. १९९१ च्या जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये अवर्षण, पूर ह्यांसारख्या नैसर्गिक आपत्तींसाठी स्वतंत्र रकाना होता. २००१ मध्ये तो वगळला गेला आणि २०११ मध्येही तो नव्हता. ज्या काळात तो अधिक आवश्यक झाला, नेमक्या त्याच काळात तो गेला. बाग वाळल्यामुळे पुण्याला गेलेल्या माणसाचे कारण ‘काम’ असे लिहिले गेले. कोयता पुरा करण्यासाठी लग्न लावून दिलेल्या मुलीचे कारण ‘विवाह’. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोन्ही उत्तरांतून दुष्काळ निसटला आहे. येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरविण्यात आली असून माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत व्हावयाची आहे. तो रकाना तिच्यात असलाच पाहिजे. पण केवळ रकाना असून भागणार नाही. फेब्रुवारीत साखरेचा हंगाम भरात असतो आणि भोकरदन, बीड, पाटोद्याकडची माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडांवर पाचटाच्या कोपींत राहत असतात. ती गावात मोजली जाणार नाहीत; फडावर मोजली गेली तर कोल्हापूरची म्हणून मोजली जातील. हे काम बहुतांशी शिक्षकांकडेच येणार आहे. फडावरच्या कोपीपर्यंत जाऊन ‘गाव कोणते, आणि पाऊस झाला असता तर निघाला असता काय’ एवढे विचारण्याची तजवीज व्हावयास हवी.

जे जातात त्यांचे हक्क त्यांच्याबरोबर गेले पाहिजेत. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे शिधा आता कोठेही घेता येतो, ही मोठी सोय झाली. शाळेचे तसे नाही. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांनी गावातच शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालविली जातात. ट्रक दिवाळीच्या आगेमागे निघतो, तेव्हा वसतिगृह त्याच्याआधी आठवडाभर तरी उघडलेले असले पाहिजे. पोर एकदा ट्रकमध्ये चढले की मार्चपर्यंत हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघच राहते. आणि पट कमी झाला म्हणून ती शाळाच बंद करण्याचा विचार जेव्हा होतो, तेव्हा मागे राहिलेल्या कुटुंबांच्या राहण्याच्या कारणांतील आणखी एक कारण शासन स्वतःच्या हाताने खोडीत असते.

जे राहतात त्यांच्यासाठी कौल हवा. मोसंबीची नवी बाग लावणाऱ्याला पहिली पाच वर्षे कर्जाच्या हप्त्यातून सूट, त्या पाच वर्षांसाठी झाडाचा विमा आणि विहिरीतील पाण्यावर सामायिक नियम मान्य करणाऱ्या गावाला प्राधान्य, इतके तर निश्चितच करता येईल. दादू नरसू काळे ह्याने एक वर्षाचा सारा सोडला होता. मोसंबीला पाच वर्षे लागतात.